मागच्या दाराशी

अल ऐनला बाहेर चव्वेचाळीस,
आत मी उणे पाचवर गाडी फिरवतो.
हर्णैला बर्फ फोडायचो, सुरमईवर पसरायला.
इथे त्यालाच घासतो, पाणी पाजतो, आरसा करतो.

आज शेवटचा सामना. हरेल तो खालच्या गटात.
जिंकेल त्यालाही वर जाता येणार नाही,
फक्त आहे तिथं राहता येईल.
हे मला स्कोअरबोर्डवरच्या एल्दोने समजावलं.
मी म्हटलं, म्हणजे आपल्या व्हिसासारखंच की.
तो हसला नाही. त्याचा जुलैत संपतोय.

तीन-तीन. चार मिनिटं उरली असताना
पाहुण्यांचा गोलकीपर जरासा डावीकडे कलला,
एवढंच.
चकती जाळीत गेली तेव्हा आवाजसुद्धा आला नाही.

भोंगा. इकडे हेल्मेटं उडाली,
तिकडे तो गुडघ्यांवर, खांबाला धरून.
पाठीवर नाव : बेक्तुर.
सगळे आत गेले तरी उठेना.
मी गाडी चालू ठेवून थांबलो.
बर्फावर माणूस असेल तर जायचं नाही, असा नियम.
बारा मिनिटं.
मग उठला, आणि माझ्याकडे बघून काठी वर केली,
लांबच्या रिक्षाला हात करावा तशी.

मी सगळं पुसून काढलं.
खरवडलेला चुरा नेहमीसारखा मागे वाळूत ओतला,
राहिलेल्यांचा, उतरलेल्यांचा, एकाच ढिगात.
कंपाउंडमधली लंगडी मांजर धावत आली,
घाईघाईने चाटायला लागली.
तिला ठाऊक आहे, किती वेळ असतो.