होल्डचा ढीग

उद्यमनगरात माझं काम संशयाचं.
सकाळी आठला ओतकाम गार होऊन येतं,
मी लहान हातोडी घेतो
आणि एकेक नग वाजवतो.
धड नग टणकन बोलतो,
आत तडा असला की आवाज बसका,
सर्दी झालेल्या पोरागत.
एकतीस वर्षं झाली.
ठेकेदार म्हणतो, शांतवनराव, कुणावर तरी विश्वास ठेवा की.
मी म्हणतो, ठेवतो. वाजवून ठेवतो.

रविवारी हातोडी नसते खिशात.
मंडळी उभी राहते, विश्वासांगीकार सुरू होतो,
आणि शेवटून दुसऱ्या कलमाशी,
जिथं देहानं पुन्हा उठायचं असतं,
माझं तोंड मिटतं.
दीना गेल्यापासून मिटतं.

सीपीआरमध्ये बावीस नंबरची कॉट.
मंडळीनं तीन रात्री पाळीपाळीनं प्रार्थना केली,
थर्मासमधून चहा आणला, माझ्या पायाशी सतरंजी घातली.
तेविसाव्या कॉटवरची कागलची बाई,
जिच्यासाठी कुणी गुडघा टेकला नव्हता,
चौथ्या दिवशी चालत घरी गेली,
जाताना मला दोन मोसंबी देऊन.
ती मी खाल्ली नाहीत. टाकलीही नाहीत.
खिडकीत वाळली, आता हलवली की आत काहीतरी खुळखुळतं.

देवाची इच्छा, म्हणाल्या सलोमीबाई.
मी त्या शब्दावर मनात टिचकी मारली.
बसका आला आवाज.

राजीनामा लिहून नेला, वडीलपणाचा, फुलस्केपवर.
हिवाळे पाळक स्टुलावर चढून
वेदीवरचा दिवा बदलत होते.
तिथनंच वाचला, चष्मा कपाळावर.
म्हणाले, त्या कलमाशी मीपण आवाज खाली घेतो.
माईकमुळं कळत नाही कुणाला.
मग म्हणाले, स्टूल धरा जरा, हलतंय.
मी धरलं.
कागद त्यांच्या खिशात गेला आणि बहुतेक
सदऱ्याबरोबर धुतला गेला.

आमच्यात ढीग तीन.
पास. रद्द.
आणि भिंतीकडेचा, पिवळ्या लेबलाचा: होल्ड.
मालकाला आवडत नाही, फुकट जागा अडवतो म्हणतो.
पण जो धडही बोलत नाही, फुटकंही बोलत नाही,
त्याला परत भट्टीत ढकलायचं?
की रंग मारून गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचं?
दोन्ही चोरीच.
म्हणून ठेवायचा. जाता-येता वाजवायचा.
कधी कधी, खरं सांगतो, पहाटेच्या गारठ्यात
तोच नग निराळा बोलतो.
कधी नाही.

प्रभू, तुला मी पास म्हणत नाही अजून.
रद्द म्हणायला जीभ वळत नाही.
तू तर सुताराच्या घरात वाढलास,
लाकूड ठोकून बघितल्याबिगर
घेतलंस का कधी वखारीतनं?
मग माझ्या टिचकीचा राग धरू नकोस.
सोडून दिलेल्या मालाला कोण वाजवतं रोज?

परवाच्या रविवारी पुन्हा उभं राहिलो.
कलम आलं. मी गप्प.
तेवढ्यात कडेला बघितलं तर
घाटग्यांचा आमोस, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा,
ओठ घट्ट मिटून, कान लाल,
कुणी बघतंय का म्हणून बघत होता.
मी काही विचारलं नाही.
बाकावर थोडा सरकलो,
गीतपुस्तक मधे उघडून धरलं
आणि पुढच्या गीताचा आकडा
बोटानं दाखवला.