कडेचा पिवळा

वेंगुर्ला बंदरावर नगरपरिषदेने नऊ बाकडी बसवली,
करड्या लाद्यांवर करडी,
मागे करडी भिंत,
आणि ढग आले की समुद्रही त्याच गोणीतला.
कंत्राटदार म्हणाला, कसं सोबर दिसतं.
दिसतं,
ज्यांना दिसतं त्यांना.

भागीरथी कुबल पहिल्याच संध्याकाळी
तिसऱ्या बाकड्यावर आपटली.
नडगी सोलली, टोपलीतले बांगडे लादीभर झाले.
काचबिंदूने तिच्या नजरेच्या कडा कधीच्या कुरतडल्यात,
मधलं तेवढं उरलंय, मूठभर.
तिने आधी बांगडे गोळा केले,
मग बाकड्याला म्हणाली,
'रे मेल्या, हयसर आसस तर सांगाक नको?'

मी होड्या रंगवतो. हे काम माझ्याकडे आलं
ते रंग उरलाय का विचारत आलेल्या शिपायाबरोबर.
उरला होता. निळ्याचे दोन डबे, पिवळ्याचा एक,
लाल तळाशी, साय धरलेला.

सभेत मला दाराजवळची खुर्ची.
भगवा नको, तोंडावर निवडणूक.
हिरवा नको, कारण तेच.
निळा म्हटल्यावर दोघे उठले, एक बसला.
पांढऱ्यावर कावळे.
तासाभराने सगळे परत करड्यावर आले,
करड्याला कुणाचा झेंडा नसतो.
तेव्हा रॉयस्टन लोबो, नवा ज्युनिअर इंजिनिअर,
फाइलमध्ये बघत बोलला,
'मला लाल-हिरवं एकच दिसतं.
कोकम पिकलं की नाही, ते मी दाबून ओळखतो.'
कुणीतरी हसलं. पंखा फिरत राहिला.
'मग दिसतं तरी काय तुम्हाला?'
'गडद,' तो म्हणाला, 'आणि फिकट.'

एवढ्यावर मी खुर्चीतून उठलो,
कारण हे मला बापाने शिकवलेलं.
होडीला पट्टा ओढताना म्हणायचा,
डोळे अर्धे मीट.
जे उरेल तेवढंच पहाटे खाडीच्या तोंडावर
समोरच्या होडीला दिसणार.
बाकीची तुझी हौस.

तीन फळ्या रंगवल्या, तिन्हीसांजेला बंदरावर ठेवल्या,
भागीरथीला बोलावलं.
लाल फळीवरून तिची नजर सरळ पाण्यात गेली.
'हयसर काय नाय.'
निळ्यापाशी थबकली, पाऊल मागे घेतलं.
'खड्डो आसा मरे!'
मी गप्प.
चाळीस वर्षं रंगात हात,
आणि गडद रंग कुणाला खड्डा वाटू शकतो
हे मला फळीने सांगावं लागलं.

तिसरी निळीच, पण कडेला पिवळा,
हाताच्या चार बोटांएवढा.
ती चालत आली, वाकली,
ओल्या पिवळ्यावर अंगठा ठेवला,
कडेकडेने नेला, दुसऱ्या टोकापर्यंत,
जाळ्याचा दोर चाचपावा तसा.
मग लुगडं सावरून तिथेच टेकली.
'फळी,' म्हणाली.
लुगड्याला रंग लागला तो अजून गेला नाही.

नऊच्या नऊ बाकड्यांना आता पिवळी कड,
बसायच्या जागेला पुढून,
आणि हातांना, जिथे रेटा देऊन उठतात तिथे.
पर्यटक फोटो काढतात. गोड आहे म्हणतात.
रॉयस्टन जाता-येता एकेक बाकडं
आपल्या फोनवर काळं-पांढरं करून बघतो,
मान हलवतो.
खारा वारा दोन वर्षांत पिवळ्याचा पापड करणार,
ते मी लिहून दिलंय. फाइलमध्ये असेल.

काल भागीरथी तिसऱ्या बाकड्यावर बसली होती,
जिने नडगी सोलली त्याच.
माझ्या ब्रशचा वास आला असणार.
'रे, आणि पायऱ्यांका?'
पाण्यात उतरणाऱ्या सतरा पायऱ्या,
करड्या, शेवटच्या चार शेवाळाच्या.
पुढच्या बजेटात, मी म्हटलं, सभेत म्हणतात तसं.
ती काही बोलली नाही.
पाय खाली सोडून
पाण्याचा आवाज कुठपर्यंत आलाय ते ऐकत राहिली.

घरी येऊन डबा हलवून पाहिला.
होता थोडा.