पाटीवरचा शब्द

रऊफ पेंटर शिडीवर, मी खाली.
अक्षरामागे साठ रुपये, जोडाक्षराला ऐंशी,
अनुस्वार फुकट.
तांबट लेनच्या मागची तालीम
अकरा वर्षांनी उघडतेय,
आणि मंडळानं शब्द माझ्याकडं सोपवलाय,
कारण मी मराठीचा मास्तर, निवृत्त,
दुपारी रिकामा.

मी म्हणालो, पुनरुज्जीवन.
त्यानं खडूनं ‘पु’ काढला नि थांबला.
"सर, हे वाचेपर्यंत माणूस भद्रकालीत पोचेल."
खरं होतं. ‘ज्जी’पाशी पोरं कायम अडखळायची,
तीस वर्षं मी छडी आपटत होतो
एका श्वास न घेणाऱ्या शब्दासाठी.

मग कायापालट.
तो फ्लेक्सवाल्यांनी चावून चावून चोथा केलेला.
नवसंजीवनीला मेडिकलच्या दुकानाचा वास.
कात टाकली म्हणावं,
तर परवाच लाद्यांखालून
हातभर खरी कात निघाली होती
आणि धामण कुठं गेली
ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

समोर सुलभाबाई तांबट
पातेलं चिमट्यात धरून बसलेल्या.
नवसागराचा पांढरा लोट उठला, आम्ही दोघं खोकलो.
"मास्तर, तांबं मरत नसतं.
आतून कळकतं, एवढंच.
त्याला कथलाचा हात…"
पुढचं त्या बोलल्याच नाहीत.
कापसाचा बोळा गर्रकन फिरला
आणि पातेल्याच्या तळाशी
त्यांचा चेहरा आला.

निफाडहून गांगुर्डेचा फोन.
याच तालमीत त्याचा डावा कान मोडला होता,
म्हणून तो उजव्यानं ऐकतो.
म्हणाला, "सर, डोळे कापसलेत."
मी मोतीबिंदूची चौकशी केली.
तो इतका हसला की फोन पडला असावा.
"वेलीचे हो! छाटणीला नऊ दिवस झाले.
काडी मेल्यागत दिसते.
तिला हलवायचं नाही, ओरडायचं नाही.
पेस्ट लावायची नि बांधावर बसायचं."
पाटीवर चालणार नव्हतं.
पण मी मागच्या बिलावर लिहून ठेवलं: कापसणे.
साठाव्या वर्षी नवा शब्द मिळाला
की घरी जाताना चप्पल हलकी लागते.

आत तेजल कुदळ मारत होती.
वस्तादांची नात, सतरा वर्षांची,
हाताला फोड, फोडावर हळद.
माती डांबरासारखी बसलेली.
कडेला ताकाची बादली, तेलाचा डबा,
लिंबांची गोणी कुणीतरी उधारीवर आणलेली.
वस्ताद खुर्चीत. पाय गेलेत, आवाज तेवढा आहे.
"खणू नको गं तिला.
उठव."

उठव!
मी धावतच बाहेर आलो.
रऊफ, लिही: माती उठली.
पाच अक्षरं, तीनशे रुपये, जोडाक्षर नाही.
त्यानं ब्रश बुडवला. पुन्हा थांबला.
"सर, बाजार उठला म्हणजे संपला ना?
लोक म्हणतील, तालीम उठली."

मी शिडीचा पाय धरून उभा राहिलो.
एवढा साधा शब्द,
दोन्ही दरवाजे उघडे ठेवून बसलेला.
तीस वर्षं शिकवलं, कधी दिसलं नाही.
आणि हा सातवी नापास माणूस,
नापास माझ्याच वर्गात.

शेवटी मी विचारलंच नाही.
त्यानं ओल्या फडक्यानं ‘पु’ पुसला,
पुरता गेला नाही, फळीच्या रेषांत राहिला,
आणि लाल रंगात लिहिलं:
तालीम. सकाळी पाच.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मी गेलो,
उगाच, काठी टेकत.
दिवा एकच. लिंबाचा, तेलाचा वास
गल्लीच्या तोंडापर्यंत आलेला.
दाराशी चपलांचे चार जोड,
एक फार लहान.
आत कुणीतरी पडलं
धप्पकन,
आणि माती पहिल्यांदा
मऊ वाजली.