पासंग

तीस वर्षं मी केळी मोजली.
सावद्याला काट्यावर घड यायचे,
दांड्याची कटती वजा करून
मी आकडा ओरडायचो: लिहा, सतरा नऊशे.
आधी डोळ्यांनी, मग हातांनी, शेवटी काटा.
चूक झालीच तर शंभर ग्रॅमची.

एका पहाटे ट्रकच्या फाळक्यावरून सटकलो,
आणि कमरेखालचं सगळं
माझ्याच वहीत कटतीला गेलं.

घरातली खुर्ची फरशीपुरती.
ओट्याच्या कडेला येऊन ती थांबते,
पुढे मळा दिसतो, नुसता दिसतो.

जळगावच्या दुकानदाराने टेम्पोतून दोन आणल्या.
पहिली जाड टायरांची, बॅटरीची,
ट्रॅक्टरच्या पोटी जन्मल्यासारखी.
'दगडधोंडे, वाळू, चढ, काही सांगा साहेब.'
मी विचारलं, वजन?
'तुम्ही तर बसून जाणार,
वजनाशी तुम्हाला काय करायचं?'

हे तो मला विचारत होता.

कागदावर बावन्न.
आमच्या काट्यावर, बॅटरी बसवून, एकसष्ट चारशे.
कागद लिहिणाऱ्याने दांडा धरलाच नव्हता.

'घेण्याआधी उचलून पाय,' कोकिळा म्हणाली,
आणि जीभ चावली.
आमच्या बोलीत पाय म्हणजे बघ.
मी इतका हसलो की दुकानदार घाबरला.

तरी मळ्यात नेऊन पाहिली.
ठिबकच्या नळीपर्यंत ऐटीत गेली,
मग भिजल्या काळीत बसली ती बसलीच.
मोटर गुरगुरली, चाकं जागच्या जागी फिरली,
खड्डा खोल झाला.
मुबारक तडवी, त्याचा भाऊ, दोन मजूर,
आणि मी बांधावर पोत्यावर बसलेला,
'अजून थोडं, अजून थोडं' म्हणणारा बिनकामाचा मुकादम.
संध्याकाळी गाऱ्यासकट पुन्हा मोजली:
एकोणसत्तर.
साडेसात किलो शेत चाकाला लागून घरी आलं होतं.

मग मी म्हणालो, कोकिळे, तूही उभी राहा.
'मले कायले मोजता?'
राहिली पण. चपला काढून.
त्रेचाळीस दोनशे.
आकड्याशेजारी आकडा लिहिला.
तीस वर्षांत पहिल्यांदा
वजाबाकी करावीशी वाटली नाही.

दुसरी घेतली.
साडेएकोणीस किलो, ॲल्युमिनियमची,
टायर रुंद, पण पोकळ हाडांची.
बटण दाबलं की चाकं निघतात.
सांगाडा रिक्षात मागे ठेवते ती
आणि चाकं दोन्ही खांद्यांना अडकवून
पुढे बसते, बांगड्या विकायला निघाल्यासारखी.
गाऱ्यात रुतली तर एका हिसक्यात सुटते.
मुबारक लागत नाही.
मुबारकला त्याचं थोडं वाईट वाटलं.

पण हलकेपणालाही खोड असते.
चारीचा चढ लागला की पुढची चाकं उचलतात,
खुर्ची मागे कलंडते,
आणि मला अचानक नुसतं आकाश.
एकदा तर पडलोच, वाळल्या पानांच्या ढिगात,
उताणा, झुरळासारखा, हात हलवत.
मुबारक म्हणाला, पुढे लोखंड जोडून देतो,
दहा किलो, कायमचं.

कायमचं नको, म्हणालो.
काटा एका अंगाला झुकला
तर आपण काटा नवा घेत नाही,
पासंग टाकतो.

आता चढाच्या तोंडाशी
कोकिळा कोयत्याने एक घड उतरवते
आणि माझ्या पायांपाशी, पायपट्टीवर ठेवते.
पाय काही बोलत नाहीत.
खुर्ची मात्र शहाण्यासारखी खाली बसते,
आणि आम्ही तिघं वर चढतो,
ती, मी, आणि हिरवी, चिकाने ओली फणी फणी.
वर पोचलो की घड काढून बाजूला.
जे वजन खाली ठेवता येतं
त्याचा मला राग येत नाही.

आजचा घड बारीक होता.
मी म्हणालो, सोळा.
ती म्हणाली, सतराच्या वर,
उचलला कोणी, तुम्ही का मी?

काट्याकडे कोणीच गेलं नाही.