रेघ आधी

कोठी कचेरीच्या मागच्या खोलीत
पंखा फिरतो तेव्हा छप्पन्नच्या दुष्काळाची पानं
किंचित उठतात. म्हणून त्यांवर माझा चष्म्याचा डबा.

अनिको बुडापेस्टहून आली आहे.
बाजरीचे भाव हवेत तिला, आठवड्यागणिक;
तिच्याकडे एक सिद्धान्त आहे
आणि त्यात बडोद्यासाठी एक रिकामा रकाना.
मी मोडी वाचतो, ती उतरवून घेते.
मध्ये जशुबेन चहा ठेवायला येते, विचारते,
"केटला मरी गया?"
अनिको आकडा सांगते, नव्यानं शिकलेल्या गुजरातीत.
जशुबेन बशी पुसते. पुन्हा पुसते.

भाव चढतात तसं कारकुनाचं अक्षर बारीक होत जातं.
शाई पाणचट.
"कागद महागला होता?"
चांगला प्रश्न आहे. असेल, मी म्हणतो.

मग एका पानावर, आठव्या ओळीपाशी,
हातच बदलतो.
ठसठशीत, पोरसवदा वळण.

मोडीत रेघ आधी.
पानभर रेघा ओढून ठेवायच्या,
मग एकेक अक्षर टांगायचं त्यांना.
म्हणजे खालच्या चौदा रेघा पहिल्याच माणसाच्या,
त्याच्या सवयीनं उजवीकडे जरा उतरत्या,
आणि त्यांना लोंबकळणारी ही दुसऱ्याची बाजरी,
रुपयास साडेचार शेर.

"कारण?"
लिहिलेलं नाही.

ती पेन धरून बसते बराच वेळ.
सिद्धान्तात यासाठी रकाना नसावा.
मग म्हणते, पुढचा आठवडा.
मी डबा सरकवतो.