गणपूर्ती

शंभर माणसं लागतात.
चावडीपुढं सतरंजी अंथरली मी सकाळी नवाला,
भोंगा लावून दोनदा पुकारलं,
साडेअकरापर्यंत जमली एकेचाळीस,
बालवाडीची पोरं धरून.

मग भाऊसाहेब दरसाल म्हणतात तेच म्हणाले,
"मुरलीधर, रजिस्टर घे आन घरोघर फिर."
मी पंचायतीचा शिपाई. सतरा वर्षं
काखेत सभा घेऊन हिंडतोय.

कुणी म्हशीची धार सोडून सही करतं,
कुणी फोन कानाला तसाच धरून.
चव्हाणांचा थोरला कोइमतूरला गलाईवर;
त्याची सही बाप करतो,
हुबेहूब, शेवटी शेपूट वर काढून.
कशावर, ते कुणी विचारत नाही.
मीही सांगत नाही.
चहा मात्र सगळीकडे मिळतो.

साठ झाल्या. एकसष्टावी कोंडाबाई ऐवळे.
तासगाव रस्त्याच्या शेडवर बेदाणा निवडत होती,
गंधकाच्या वासात, बारा-पंधरा बायांत.
"अंगठा द्या, मावशी."
"कशाचा?"
"सभंचा."
"मी कुटं आल्ते सभंला?"
"कोनच न्हवतं आलं."
"मग झाली कशी?"

याचं उत्तर रजिस्टरात नसतं.
मी म्हटलं, रीत हाय.

तिनं ढिगातून एक काडी उचलली,
उजेडाकडं धरली, बाजूला टाकली.
"चार काड्या निघाल्या तर व्यापारी
आख्खी पेटी माघारी लावतो.
वाच. काय काय लिवलंय ते वाच."

सतरा वर्षांत पहिल्यांदा मी ते रजिस्टर वाचलं.
उभ्यानं सुरू केलं, चौथ्या ठरावाला खाली बसलो.
बायांचे हात चालूच होते,
पण पंखा कुणीतरी बंद केला, ऐकू यावं म्हणून.
ठराव सात: मागासवर्गीय वस्तीत पाच पथदिवे बसविले,
सबब खर्चास मंजुरी.

हात थांबले.
"पाच?" एक तरणी पोर फिसकन हसली.
कोंडाबाई हसली नाही.
"खांब दोन. दिवा एक बी न्हाय.
त्या खांबाला मी शेरडं बांधते. लिव तसं."
"मला लिवायचा हक न्हाय, मावशी."
"मग ह्यावर अंगठा द्यायचा मला बी न्हाय."

भाऊसाहेबांनी मोजलं. साठ.
"ठोक की रे कुणाचाबी," म्हणाले.
माणूस वाईट नव्हे, तीन गावं अंगावर होती त्यांच्या.
मी माझा अंगठा बघितला.
जांभळा. मेलेल्यांचा, परगावी गेलेल्यांचा,
रुसून घरी बसलेल्यांचा
किती सालं हा एकच अंगठा.
"तहकूब लिवा," मी म्हणालो,
आणि माझाच आवाज मला
भोंग्यातून आल्यागत वाटला.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.
तरी त्रेपन्न आली. पोरं न धरता.
कोंडाबाई सगळ्यांत पुढं, पदराला बेदाण्याची चिकट,
म्हणाली, "वाच."
सरपंचबाईंचे मालक मधेच उठून गेले,
सरपंचबाई मात्र बसून राहिल्या,
आणि बऱ्याच वेळानं त्यांनीच विचारलं,
"मग बिल कुणी काढलं?"

ठराव खोडला नाही. खोडता येत नाही म्हणतात.
खाली एक ओळ आली: दिवे नाहीत.
तारीख घालून,
आणि ओळीखाली एक डावा अंगठा,
इतका दाबून उठवलेला
की मागच्या पानावरही दिसतो.

दिवे अजून आलेले नाहीत.
आता मी नोटीस घेऊन दारात गेलो की
माणसं म्हणतात, आधी वाच.
चहा निवतो. दिवसभरात
निम्मं गावसुद्धा होत नाही,
आणि ऐवळे वस्तीवरून परतताना
मला बॅटरी लावावी लागते.