डावं पेडल

एकशे नऊ पौंडांची.
खोक्यावर छापलं होतं: नव्वद टक्के जोडलेली.
उरलेले दहा टक्के माझ्यावर सोडले होते.
सूचना अकरा भाषांत,
चित्रातल्या माणसाला चेहराच नव्हता,
तरी तो मला हसतोय असं वाटत राहिलं.

पहिल्या दिवशी पुढचा ब्रेक रिमला घासू लागला.
दुसऱ्या दिवशी मागचं चाक आउट,
शनिवारी रात्री पबातून निघालेल्या
माझ्या मेव्हण्यासारखं,
दोन्ही फुटपाथांशी बोलत चाललेलं.
गिअरचं तर विचारूच नका.
तिसरा मागितला की पाचवा देई,
पाचवा मागितला की चेन काढून हातात.

गाडी एप्रिलातच भंगारात गेली होती.
मासळीच्या कारखान्यात सहाची शिफ्ट,
सहाच्या आत बस नाही.
ग्रिम्सबीत चढ नाहीत म्हणतात.
समुद्रावरून तोंडावर येणारा वारा
ज्यांनी कधी पायांनी ढकलला नाही, ते म्हणतात.

दुकानाला फोन केला.
पोरगा नम्र होता. म्हणाला,
मूळ खोक्यात घालून आणा.
खोक्याला टॅन्सीनं केव्हाच खिडक्या कापल्या होत्या,
एक दार, दाराला दोऱ्याची कडी,
आणि आत मांजर राहायला गेलं होतं.
त्याला बाहेर काढणार कोण?

मग गोदीच्या पुलावर, पावणेसहाला, अंधारात,
डावं पेडल निखळलं.
निखळलं म्हणजे बुटासकट गेलं.
मी एका पायावर उभी,
खाली काळं पाणी, हातात सायकल,
आणि डोक्यात एकच गोष्ट:
हे पेडल मी स्वतः आवळलं होतं,
दात-ओठ खाऊन, होती नव्हती ती ताकद लावून,
जगात सगळं आवळतात त्याच दिशेनं.

आयव्ही ऑडलिंग तीन घरं पलीकडे राहते. एक्याऐंशी वर्षांची.
तिच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं, असं सगळी गल्ली सांगते.
"रॉनी पैसे मोजायचा," ती म्हणाली,
आणि चष्मा पुसत सायकलीभोवती एक फेरी मारली.
हात लावला नाही.
"चिमटा उलटा बसवलायस."

तीन आठवडे.
तीन आठवडे मी उलट्या चिमट्यावर बसून
दुनियेला शिव्या घालत होते.

"आणि डावं पेडल उलटं फिरतं.
सरळ आटे असते तर
पाय मारता मारता सुटून गेलं असतं."
मग माझ्या बोटांकडे बघून, जरा हळू,
"तू काही वेडी नाहीस.
हे कुणीतरी सांगावंच लागतं."

आटे मात्र गेले होते.
ॲल्युमिनियम कसलं, लोणीच ते.
नवा क्रँक घ्यायचा तर सायकलीच्या निम्मे पैसे.
ती आत गेली, बिस्किटांचा डबा घेऊन आली,
त्यातून तेलकट फडक्यात गुंडाळलेला
एक पोलादी क्रँक काढला, काळा, जड.
कुणा खलाशाच्या सायकलीचा.
दुरुस्तीला टाकून तो बोटीवर गेला,
घ्यायला आलाच नाही.
का, हे मी विचारलं नाही.
या गावात ते कुणी विचारत नाही.

दिवा मी धरला. पाना तिनं.
एकदा मात्र माझ्या हातात दिला
आणि म्हणाली, आता तू. उलटा.
मनगट ऐकेना,
ते सारखं जुन्या सवयीकडे वळे.

आता एक पाय चंदेरी, एक काळा.
टॅन्सी विचारते, सायकल लंगडते का गं?
नाही. पण डावीकडून टक् असा एक आवाज येतो,
दर फेरीला एकदा,
आयव्हीलाही तो कुठून येतो ते सापडलं नाही.
ब्रेक लागतो.
तिसरा मागितला की चौथा देते.
चाललंय.